अमेरिकेत हायस्कूल पास व्हायला ‘बोर्ड’ असतं का?

मुग्धा_जर्सी
नमस्कार मंडळी. माझे मोठे दीर ऑगस्टमध्ये एल-१ व्हिसावर न्यू जर्सीत येताहेत. सोबत जाऊबाई आणि दोन मुली. धाकटी सहावीत, तिचं काही नाही. थोरलीने यंदाच पुण्यातून राज्य मंडळाची दहावी दिली, ९१ टक्के मिळाले, आणि सप्टेंबरात ती इथे अकरावीत बसेल. जाऊबाईंचा रोज रात्री एकच प्रश्न : “तिकडे बारावीला बोर्ड नसतं म्हणे, मग पास कशावर करतात?” मी आपलं क्रेडिट, जीपीए (ग्रेडची सरासरी) असं काहीबाही सांगते. त्यावर, “ते ठीक आहे गं, पण परीक्षा कुठली? क्लास कुठला लावायचा?”

माझी पोरं अजून लहान, त्यामुळे मलाही धड माहीत नाही. एक मैत्रीण म्हणते, अकरावीत राज्याची परीक्षा असते, ती अडली तर डिप्लोमा, म्हणजे हायस्कूल पास झाल्याचा दाखला, नाही. दुसरी म्हणते, ते सगळं आता बंद झालं. खरं काय? आणि अशी परीक्षा असावी की नसावी, तुम्हाला काय वाटतं?

तिरकस
क्लास लावायचाच असेल तर आधी जाऊबाईंना लावा. योगाचा. (हलके घ्या.)

पाणीपुरी_एडिसन
मुग्धा, दोघी मैत्रिणी बरोबर आहेत, फक्त वेगवेगळ्या राज्यांबद्दल बोलताहेत. अमेरिकेत देशभराचं असं बोर्ड नाहीच. डिप्लोमा कशावर द्यायचा ते प्रत्येक राज्य ठरवतं.

आपल्या जर्सीत परीक्षा आहे. नाव एनजेजीपीए (न्यू जर्सी ग्रॅज्युएशन प्रोफिशियन्सी असेसमेंट). अकरावीच्या वसंतात होते, इंग्रजी आणि गणित, बस. गणितात अल्जिब्रा १ आणि जॉमेट्री. सुरुवातीला २०२२ मध्ये पासाची रेघ ७५० वर होती. त्या वर्षीचा निकाल डिप्लोम्याला लावायचा नाही असा कायदा ऐनवेळी झाला, आणि पुढे रेघ ७२५ वर आली. नाही जमली तरी आभाळ कोसळत नाही. एसएटी, एसीटी (कॉलेजप्रवेशाच्या परीक्षा) किंवा पीएसएटीचे (एसएटीची धाकटी बहीण) ठरावीक गुण चालतात (एसएटीत प्रत्येक भागाला साडेचारशेच्या आसपास, म्हणजे फार नाही). तेही नसतील तर मुलीच्या कामाचं पोर्टफोलिओ अपील.

खरी मेख क्रेडिटमध्ये आहे, म्हणजे पास केलेल्या प्रत्येक कोर्सचे जे एकक जमा होतात त्यांत. किमान १२० लागतात. त्यात अमेरिकेचा इतिहास दोन वर्षांचा, अर्थसाक्षरतेचा अर्धा कोर्स, एक वर्ष कला, आणि शाळेत असाल त्या प्रत्येक वर्षी पीटी. हो, पीटी. ९१ टक्केवाल्या मुलीलाही.

फोडणी
पीटीत नापास झाल्याने कुणाचा डिप्लोमा अडलाय का? माझा मुलगा त्या वाटेवर आहे.

पाणीपुरी_एडिसन
@फोडणी, अडतो. आमच्या ओळखीतल्या एकाला बारावीनंतरच्या उन्हाळ्यात जिमचा कोर्स करावा लागला. एपी कॅल्क्युलस बीसीत (कॉलेजच्या पातळीची परीक्षा) पाचपैकी ५ होते त्याला.

बोस्टनवाली
दुसरी मैत्रीण बहुधा आमच्या मॅसॅच्युसेट्सबद्दल बोलत असावी. आमच्याकडे एमकॅस नावाची परीक्षा. १९९३ च्या शिक्षणसुधार कायद्यातून आली, २००३ च्या बॅचपासून डिप्लोम्याला सक्तीची झाली. दहावीत इंग्रजी, गणित आणि नंतर विज्ञान. नोव्हेंबर २०२४ मध्ये अध्यक्षांच्या निवडणुकीबरोबरच मतपत्रिकेवर प्रश्न क्रमांक २ होता : ही सक्ती काढायची का? ५९ टक्के लोकांनी ‘हो’ म्हटलं आणि गेली. शिक्षकांची संघटना काढण्याच्या बाजूने, गव्हर्नर हीली विरोधात. परीक्षा मात्र चालूच आहे. हायस्कूलमध्ये निदान एकदा मुलांची चाचणी घ्या असं केंद्राचा कायदाच सांगतो. फक्त तिच्यावर डिप्लोमा अडत नाही.

मी काढण्याच्या बाजूने मत दिलं. कारण सांगते. एमकॅसमुळे शेवटपर्यंत अडकणारी मुलं वर्षाला सातशेच्या आसपास, म्हणजे राज्यातली एक टक्का. पण ती कोण? बहुतेक अपंगत्व असलेली किंवा नुकतीच देशात आलेली, इंग्रजी शिकत असलेली. मी फ्रेमिंगहॅमला ब्राझीलहून आलेल्या मुलांना संध्याकाळी शिकवायला जाते. त्यातला एक मुलगा गणित तोंडी सोडवायचा, पोर्तुगीजमध्ये पुटपुटत. पेपरात प्रश्न असा : एका दुकानात इतकी सूट, वर कूपन, कुठला पर्याय स्वस्त ते कारणासह लिहा. गणित त्याचं दोन ओळींत झालं. ‘कारणासह’पाशी पेन्सिल थांबली ती थांबलीच. बाकी सगळे कोर्स पास, आणि कागद अडला ह्या एका परीक्षेवर.

सिलिकॉन_सदाशिव
बोस्टनवाली, कॅलिफोर्नियाने हे नऊ वर्षं आधी केलं. काहसी नावाची परीक्षा होती, २००६ च्या बॅचपासून सक्तीची. गणित आठवीच्या पातळीचं, इंग्रजी दहावीच्या. २०१५ च्या उन्हाळ्यात जो घोळ झाला तो वाचण्यासारखा आहे. राज्याने जुलैची परीक्षाच रद्द केली, पण सक्तीचा कायदा तसाच पुस्तकात. मग ज्यांची फक्त हीच परीक्षा राहिली होती त्यांनी काय करायचं? कॉलेजात प्रवेश मिळालेला, डिप्लोमा नाही, आणि द्यायला परीक्षाही नाही! ऑगस्टमध्ये घाईघाईने एक कायदा करून त्या बॅचला सोडवलं. नंतर दुसऱ्या कायद्याने सक्ती उठवली आणि २००४ पासून ह्या परीक्षेपायी अडकलेल्यांनाही मागाहून डिप्लोमा देऊन टाकला.

आमच्या पेठेत ह्याला ‘आधी पाडायचं घर आणि मग शोधायची खोली’ म्हणतात.

तिरकस
कुठल्या पेठेत म्हणतात? मी शनिवारातला, आमच्याकडे नाही म्हणत.

सिलिकॉन_सदाशिव
शनिवारात घर पाडायला परवानगी मिळाली की म्हणाल.

कृष्णाकाठ
धागा वाचतो आहे. मी सांगली जिल्ह्यातला निवृत्त शिक्षक, गणित शिकवले, पुष्कळ वर्षे बोर्डाचे पेपर तपासले, मॉडरेटरही होतो. बोस्टनवाली ताईंच्या तळमळीबद्दल आदर आहे, पण दुसरी बाजू मांडतो.

आमच्याकडे विषयाचे ८० गुण लेखी आणि २० अंतर्गत. हे २० शाळेच्या हातात. तालुक्याच्या कुठल्याही शाळेची यादी काढा, १८, १९, २०, १९. वर्गात वर्षभर न दिसलेल्या पोरालाही १७. का? कमी दिले तर शाळेचा निकाल पडतो, संस्थाचालक विचारतात, पालक विचारतात. म्हणजे शाळेने स्वतःच स्वतःच्या मुलाला पास ठरवायचे म्हटले की काय होते ते आम्ही रोज पाहिले आहे. २०२१ मध्ये करोनामुळे दहावीची परीक्षाच झाली नाही, शाळांच्या मूल्यमापनावर निकाल लागला. किती? ९९.९५ टक्के. त्या बॅचच्या मुलांची चूक काही नव्हती, पण तो निकाल कुणी गंभीरपणे घेतला का?

बाहेरचा पेपर निर्दय असतो, मान्य. पण आमच्या गावातल्या मुलीचा आणि पुण्यातल्या मुलीचा पेपर एकच असतो, आणि तपासणाऱ्याला मुलीचे नाव-गाव दिसत नाही. गरिबाच्या पोरीला ‘मी अमुक इतकी हुशार’ हे बाहेरच्या जगाला दाखवायला दुसरा कागद कुठला?

बोस्टनवाली
सर, नमस्कार. तुमचा मुद्दा पटतो, आणि विरोधकांनीही इथे नेमका हाच मांडला होता : सक्ती गेली की प्रत्येक शहर आपापली पट्टी वापरणार, श्रीमंत लेक्सिंग्टनचा डिप्लोमा आणि एखाद्या गरीब गिरणगावाचा डिप्लोमा ह्यांत फरक पडणार. मतदानानंतर राज्यभर लागू होतील असे नवे निकष ठरवायला गव्हर्नरांनी समिती नेमली ती ह्याच काळजीतून.

पण सर, तुमच्या मुलीला बोर्डाचा पेपर ‘किती हुशार’ ते दाखवतो. डिप्लोम्यापुरती एमकॅस तसं काहीच दाखवत नव्हती. पास किंवा अडकली, एवढंच. पहिल्या २५ टक्क्यांत आलेल्यांना राज्याची अ‍ॅडम्स शिष्यवृत्ती मिळते म्हणे. आमच्या लेकीला पत्र आलं, आम्ही पेढे वाटले. मग कळलं, यूमॅस अ‍ॅमहर्स्टला (राज्याच्या सरकारी विद्यापीठात) त्याचे वर्षाला १७१४ डॉलर सुटतात आणि बिल सतरा हजारांच्या वर.

फोडणी
पेढ्यांचा खर्च निघाला ना? मग झालं.

खडूफळा
मी न्यूयॉर्कला क्वीन्समध्ये सरकारी हायस्कूलात बायॉलॉजी शिकवते. आमच्या रीजंट्सबद्दल कुणी बोललंच नाही, म्हणून लिहिते. लांब होईल.

रीजंट्स ही देशातली सगळ्यात म्हातारी परीक्षा, १८६५ पासूनची. (मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक १८५९ ची, म्हणजे आपण सहा वर्षं पुढे. कॉलर ताठ करून घ्या.) सध्या डिप्लोम्याला पाच रीजंट्स लागतात, प्रत्येकीत ६५. विज्ञानाच्या पेपराला बसायलाच आधी १२०० मिनिटं प्रयोग केल्याचा हिशेब लागतो, अहवालांसकट. मे महिन्यात माझ्या खोलीत फोल्डरांचे ढीग असतात आणि दारात पोरं : “मिस, मी तो कांद्याच्या पेशीवाला केला होता, शप्पथ!” पेपराच्या दिवशी प्रत्येक ग्राफिंग कॅल्क्युलेटरची मेमरी पुसायची, ते वेगळंच.

आता ६५ ची गोष्ट. हे ६५ म्हणजे शंभरातले ६५ नव्हेत. कच्च्या गुणांचं रूपांतर करायचा तक्ता असतो. अल्जिब्राच्या पेपरात एकूण गुणांच्या साधारण एक तृतीयांश मिळवले की ६५ होतात. तेव्हा ‘अमेरिकेत पासिंग ६५ आणि आपल्याकडे ३५’ असा फॉरवर्ड आला की हसून सोडून द्या, दोन्ही एकच.

त्याहून मजेशीर म्हणजे, पूर्वी आपल्याच शाळेत आपल्याच मुलांचे पेपर तपासले जायचे, आणि गणित-विज्ञानात ६० ते ६४ मध्ये अडकलेला पेपर पुन्हा तपासायचा नियम होता. परिणाम काय? राज्यभरच्या गुणांचा आलेख काढला तर ६४ वर खड्डा आणि ६५ वर सुळका! अर्थशास्त्रज्ञांनी त्यावर अभ्यास केले, वर्तमानपत्रांत आलं. २०११ पासून ती फेरतपासणी बंद झाली, नंतर स्वतःच्या विद्यार्थ्यांचे पेपर तपासायचीही बंदी आली, आणि सुळका सपाट झाला. कृष्णाकाठ सर, तुम्ही मॉडरेटर होता म्हणता. खरं सांगा, ३४ वर कुणाला नापास केलंय?

कृष्णाकाठ
बाई, तुम्ही क्वीन्समध्ये राहून आमच्या वर्मावर बोट ठेवलेत. ३३-३४ चा पेपर समोर आला की चौथ्या प्रश्नाची आकृती पुन्हा पाहावीशी वाटतेच. कोन थोडा बरा काढलेला दिसू लागतो. शिवाय आमच्याकडे सवलतीही आहेत : गणित आणि विज्ञान मिळून ७० झाले आणि प्रत्येकात किमान २५ असले तरी उत्तीर्ण. दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीला जाता येते. त्याहीपुढे, गणित-विज्ञानात २० मिळाले तरी पुढे जाऊ द्यावे, मात्र गुणपत्रिकेवर तसा शेरा मारावा, असा प्रस्ताव २०२४ च्या राज्य अभ्यासक्रम आराखड्यात होता.

पण दया दाखवायला आधी रेघ असावी लागते, एवढेच माझे म्हणणे.

तिरकस
सर, वरचं वाक्य फळ्यावर लिहून ठेवतो.

केटीकर
टेक्सासची हजेरी लावतो. आमच्याकडे राज्याच्या ‘स्टार’ नावाच्या पाच परीक्षा : अल्जिब्रा १, इंग्लिश १, इंग्लिश २, बायॉलॉजी, अमेरिकेचा इतिहास. दोनपर्यंत राहिल्या तरी २०१५ च्या कायद्यामुळे शाळेत समिती बसते, त्यात प्राचार्य, शिक्षक, पालक. मुलाने काही जादा काम करून दाखवलं आणि सगळ्यांचं एकमत झालं तर डिप्लोमा.

आपल्या लोकांना ह्या परीक्षा दिसतसुद्धा नाहीत. आमच्या चिरंजीवांनी अल्जिब्रा आठवीतच घेतलं, म्हणजे ग्रॅज्युएशनची एक परीक्षा आठवीतच देऊन टाकली. मी निकालही उघडला नव्हता. इथल्या देशी आईबापांची झोप उडवणारी गोष्ट म्हणजे रँक. टेक्सासात वर्गातल्या वरच्या मुलांना सरकारी विद्यापीठात थेट प्रवेश, १९९७ पासूनचा कायदा. कायदा म्हणतो १० टक्के, यूटी ऑस्टिनला मात्र ते घटत घटत ५ टक्क्यांवर आलंय. त्यासाठी ९८.६ की ९८.७ ह्यावर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपात युद्धं होतात.

जाता जाता, २०२५ च्या कायद्याने स्टार जाणार आहे, २०२७-२८ पासून एकाऐवजी वर्षातून तीन छोट्या परीक्षा. एक साप मारला आणि तीन पिल्लं, असं आमच्या शेजारच्या शिक्षिकाबाई म्हणतात.

निवडुंग
अ‍ॅरिझोनातून. आमच्याकडची गंमत वेगळीच. २०१५ मध्ये कायदा केला की हायस्कूल पास व्हायला नागरिकशास्त्राची परीक्षा हवी, आणि प्रश्न कुठले? नागरिकत्वाच्या मुलाखतीला विचारतात तेच शंभर. सुरुवातीला ६० बरोबर आले की पास. माझी मुलगी आणि बायको एकाच हिवाळ्यात तेच शंभर प्रश्न पाठ करत होत्या. लेक स्वयंपाकघरात उभी राहून विचारायची, “सेनेटर किती?” आणि ही कणीक मळता मळता “शंभर!” बायकोला मुलाखतीत दहांपैकी सहाच बरोबर लागणार होते. लेक म्हणाली, “आई, तुला सूट आहे.” आता नवीन अर्जदारांना वीस प्रश्न आणि बारा बरोबर झालंय, तेव्हा पुढच्या आयांनी जपून.

फोडणी
मला अजून सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीशांची संख्या आठवते. नऊ. नवऱ्याचा वाढदिवस विसरले होते त्या वर्षी.

चकली_इन_शिकागो
खडूफळा, न्यूयॉर्कमध्ये रीजंट्सची सक्ती जाणार असं ऐकलं, खरं का?

खडूफळा
हो. राज्याच्या शिक्षण मंडळाने ठरवलंय, २०२७-२८ पासून डिप्लोम्याला रीजंट्स पास व्हावं लागणार नाही. परीक्षा राहणार. त्याऐवजी इंटर्नशिप, प्रकल्प, सादरीकरण असे पर्याय.

माझं मत विचाराल तर अर्धं-अर्धं. रीजंट्सच्या भीतीने एप्रिलपासून माझं शिकवणं थांबतं आणि जुने पेपर सोडवणं सुरू होतं, ते जाईल ह्याचा आनंद आहे. पण सक्ती गेल्यावर वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या मुलाकडे शाळा बघेल का, ह्याची खात्री नाही. आज तो ६२ वर अडकला तर शाळेला त्याला जानेवारीत, ऑगस्टमध्ये परत बसवावं लागतं, शिकवणी द्यावी लागते, कारण पास-नापासाचा आकडा वर राज्याकडे जातो. उद्या त्याने कार्डबोर्डवर काहीतरी चिकटवलं की ‘प्रकल्प पूर्ण’. आणि श्रीमंत वस्तीतल्या मुलाचा प्रकल्प कोण करून देईल हे तुम्ही-आम्ही जाणतो. आपल्याकडे गणेशोत्सवात ‘मुलांनी केलेला’ देखावा कोण करतं?

बोस्टनवाली
ह्यावर माझ्याकडे चोख उत्तर नाही. तरीही त्या फ्रेमिंगहॅमच्या मुलाला डिप्लोमा मिळायला हवा होता, ह्यावर मी ठाम आहे.

कृष्णाकाठ
त्याला मिळायला हवा होताच. त्याच्यासाठी पेपर पोर्तुगीजमध्ये काढा, वेळ दुप्पट द्या. पण एकासाठी सगळ्यांचा पेपर का काढून टाकता? आपल्याकडे बोर्ड मराठी, उर्दू, गुजराती, कन्नड माध्यमांत पेपर काढतेच की.

बोस्टनवाली
सर, हे मात्र मतपत्रिकेवर कुणी विचारलंच नाही.

मुग्धा_जर्सी
बाप रे, केवढी चर्चा! धन्यवाद सगळ्यांना. आज इथल्या शाळेच्या गाइडन्स काउन्सेलरशी बोलले. त्यांनी सांगितलं की नववी-दहावीचे विषय बघून क्रेडिट देतील, अमेरिकेचा इतिहास मात्र दोन्ही वर्षांचा करावाच लागेल, आणि एनजेजीपीए अकरावीतच. म्हणजे मुलगी आल्यावर सात-आठ महिन्यांत परीक्षा. जाऊबाईंना सांगितलं तर फोनवर शांतता, मग, “म्हणजे आहेच ना बोर्ड!” आता तिने नेमकी काय तयारी करावी?

पाणीपुरी_एडिसन
गणिताला हात लावू नका. आपल्या दहावीचं गणित भाग १ आणि भाग २ म्हणजेच त्यांचं अल्जिब्रा आणि जॉमेट्री, थोडं इकडेतिकडे. फक्त दोन गोष्टी : फूट-पाउंड-गॅलनची सवय, आणि ग्राफिंग कॅल्क्युलेटर. दहावीला कॅल्क्युलेटर नसतोच, इथे स्क्रीनवर मिळतो आणि आपली पोरं हाताने दोन पानं सोडवत बसतात. आमच्या पुतणीने वर्गसमीकरण सूत्राने सोडवलं, बाकीच्यांनी आलेख काढून दहा सेकंदात उत्तर वाचलं.

वेळ द्यायचा तो इंग्रजीला. पत्रलेखन, बातमीलेखन ह्यातलं काही येत नाही. दोन उतारे देतात, दोन्ही वाचून आपलं म्हणणं मांडायचं आणि प्रत्येक मुद्द्याला उताऱ्यातलाच आधार द्यायचा. पाठ केलेला निबंध इथे कामाला येत नाही. राज्याच्या संकेतस्थळावर सरावाचे पेपर फुकट आहेत, जुलैपासून आठवड्याला एक लिहू दे. आणि ऑक्टोबरात शाळेतच पीएसएटी होते का विचारा, तिथेच ठरावीक गुण पडले तर वसंतातली धाकधूक कमी.

चकली_इन_शिकागो
आणखी एक. तिला मराठी उत्तम येत असेल ना? मराठीची ‘स्टॅम्प’ नावाची, भाषा किती येते ते तपासणारी परीक्षा असते. इंग्रजी आणि मराठी दोन्हीत पात्र ठरली तर डिप्लोम्यावर द्विभाषिकतेची मोहोर मिळते, जर्सीत ही सोय आहे. बऱ्याच गावांत परकीय भाषेचं क्रेडिटही त्यावर देतात, म्हणजे स्पॅनिशचा एक तास वाचला. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या शाळेत चौकशी करा.

मुग्धा_जर्सी
हे भारी आहे! जाऊबाई लगेच विचारणार, मराठीला क्लास कुठला.

तिरकस
त्यांना सांगा, हा धागा रोज एक पान वाचायचा. शुद्धलेखनासाठी नको, बाकी सगळ्यासाठी चालेल.

पाणीपुरी_एडिसन
मुग्धा, नववीची गुणपत्रिकाही आणायला सांगा, शाळेच्या शिक्क्यासकट. सगळे दहावीची फ्रेम करून आणतात आणि नववीची घरी राहते. इथे क्रेडिट मोजताना दोन्ही वर्षं लागतात. शिवाय लसीकरणाचा कागद. आणि पीटीचे बूट.